बातमी शिळी होण्याआधी

लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिज म्हणून एक उपनगर आहे. तिथे जमिनीखाली ६० फुटांवर, ७६ पायऱ्या उतरून गेलं की एक खोली लागते. मधोमध भलंमोठं टेबल, त्यावर दक्षिण इंग्लंड, इंग्लिश खाडी आणि पलीकडचा फ्रान्सचा किनारा यांचा नकाशा. समोरच्या भिंतीवर दिव्यांच्या रांगा. वर, नाटकगृहात असावा तसा काचेमागचा सज्जा. १९४० च्या उन्हाळ्यात रॉयल एअर फोर्सच्या ११ व्या फायटर ग्रुपची विमानं या खोलीतून हलवली जात. आज ते संग्रहालय आहे, आणि तिथे जाणारे बहुतेक लोक टेबलाचे फोटो काढतात. मला मात्र या साऱ्या कथेचा नायक भिंतीवरचं घड्याळ वाटतं.

घड्याळ साधंच, पण त्याची तबकडी रंगीत. पाच-पाच मिनिटांचा एकेक त्रिकोण: लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल. मिनिटकाटा लाल त्रिकोणावर असताना शत्रूच्या विमानांची जी खबर येईल तिच्यासाठी टेबलावर लाल बाण ठेवायचा, काटा पिवळ्यावर गेला की पिवळा, मग निळा. काटा पुन्हा लालवर येण्याच्या आत जुने लाल बाण उचलून टाकायचे. सज्जात बसलेल्या कंट्रोलरला कुणाला काही विचारावं लागत नसे. बाण कुठे आहे ते पाहिलं की जागा कळे आणि कुठल्या रंगाचा आहे ते पाहिलं की खबरीचं वय कळे.

आपण ‘शिळी बातमी’ असं सहज म्हणतो. शिळं अन्न वासावरून कळतं, पण बातमी शिळी झाली हे कळायला खूण लागते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने येणारं विमान मिनिटाला ५ किलोमीटर कापतं. चार मिनिटांपूर्वीची खबर ताजी समजून तुम्ही आपली विमानं पाठवलीत, तर ती २० किलोमीटर मागे, रिकाम्या आभाळात जाऊन पोचतील. हवाई नियंत्रणाची विद्या या अडचणीतून जन्मली, आणि तिचा जन्म रडारच्या कितीतरी आधीचा आहे.

१३ जून १९१७ रोजी भर दिवसा जर्मनीची गोथा विमानं लंडनवर आली. १६२ माणसं मेली. पॉपलर भागातल्या एका शाळेवर बॉम्ब पडून १८ मुलं गेली, त्यातली बहुतेक पाच-सहा वर्षांची. त्या दिवशी ब्रिटिश विमानं हवेत उडाली नव्हती असं नाही. उडाली होती, पण शत्रू कुठे आहे हे वरच्या वैमानिकाला सांगणार कोण आणि कसं? महिन्याभरात दुसरा हल्ला झाला, तेव्हा लोकांचा संताप सरकारला आवरेना. लंडनच्या हवाई संरक्षणासाठी एक स्वतंत्र विभाग काढला गेला आणि मेजर-जनरल एडवर्ड अ‍ॅशमोर यांना फ्लँडर्सच्या आघाडीवरून बोलावून त्याचं प्रमुख केलं गेलं. अ‍ॅशमोर तोफखान्यातले, पण विमान चालवायलाही शिकलेले. तोफ आणि विमान दोन्ही बाजूंनी पाहिलेला माणूस या कामाला मिळाला, हे लंडनचं भाग्यच.

अ‍ॅशमोर यांनी नवं शस्त्र मागितलं नाही. त्यांनी टेलिफोनच्या तारा मागितल्या. तोफांच्या जागा, शोधदिव्यांची ठाणी, विमानतळ, किनाऱ्यावरचे पहारे असा सारा पसारा पंचवीसेक उपकेंद्रांना जोडला आणि ती उपकेंद्रं लंडनमधल्या एका मध्यवर्ती खोलीला. त्या खोलीत मोठा नकाशा टेबलासारखा आडवा मांडलेला, भोवती कानाला टेलिफोन लावलेली माणसं, त्यांच्या हाताशी रंगीत सोंगट्या, आणि वरच्या सज्जात स्वतः अ‍ॅशमोर. दूरच्या ठाण्यावरच्या माणसाने विमान पाहिल्यापासून टेबलावर सोंगटी पडेपर्यंत जास्तीत जास्त अर्धं मिनिट लागे. १९१८ सालासाठी हा वेग चकित करणारा आहे.

ही व्यवस्था पुरती उभी राहिली सप्टेंबर १९१८ मध्ये. लंडनवरचा शेवटचा मोठा विमानहल्ला त्याआधी मे महिन्यातच होऊन गेला होता. म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तो शत्रू पुन्हा आलाच नाही. अशा गोष्टी युद्ध संपलं की मोडीत निघतात. ही निघाली नाही याचं श्रेय मी अ‍ॅशमोर यांच्या चिकाटीला देतो. १९२४ मध्ये त्यांनी केंटमधल्या खेड्यांत प्रयोग केले आणि पुढच्या वर्षी ऑब्झर्व्हर कोअर उभी राहिली. दुकानदार, शेतकरी, शिक्षक अशी गावातलीच माणसं टेकडीवर आळीपाळीने बसून आभाळ न्याहाळत आणि विमान दिसलं, नुसतं ऐकू आलं तरी, टेलिफोनवर कळवत. १९४० पर्यंत अशी सुमारे ३०,००० माणसं हजारावर ठाण्यांवर बसत होती. तारेपलीकडची त्यांची ओळखदेख नसलेली माणसं त्यांच्या शब्दावर विसंबून सोंगट्या हलवत होती.

मधल्या काळात कानाचा पल्ला वाढवण्याची धडपडही झाली. केंटच्या किनाऱ्यावर डेंज इथे समुद्राकडे तोंड करून काँक्रीटचे प्रचंड अंतर्गोल आरसे बांधले, त्यातली एक वक्र भिंत तर २०० फूट लांब. समुद्रावरून येणाऱ्या इंजिनांचा आवाज ते गोळा करत. पण विमानांचा वेग वाढत गेला तशी इशाऱ्यासाठी मिळणारी मिनिटं आटत गेली. त्या भिंती अजून तिथे उभ्या आहेत.

मग २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या रेडिओलहरी एका हेफर्ड बॉम्बरवरून परतताना टिपल्या. रडारच्या जन्माची ती कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिथे थांबत नाही. तिच्या पुढच्या वर्षी बिगिन हिलच्या विमानतळावर जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. रडारची यंत्रणा अजून तयार नव्हती. हेन्री टिझार्ड या शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की ती तयार होईल तेव्हा तिने दिलेल्या आकड्यांचं करायचं काय, हे आपण आत्ताच शिकून घेऊ. म्हणून एका विमानाला बॉम्बर ठरवलं, दुसऱ्यांना फायटर, आणि जमिनीवरच्या माणसाने रेडिओवर दिशा सांगून त्यांची गाठ घालून द्यायची. पहिल्यांदा गणितं मांडून पाहिली. बॉम्बरने वाट बदलली की ती कोलमडत. गणित सुटेपर्यंत बातमी शिळी!

टिझार्ड यांनी यावर शाळेतल्या भूमितीचा उपाय काढला. फायटर आणि बॉम्बर यांना जोडणारी एक रेघ मनात ओढा. बॉम्बरची वाट या रेघेशी जो कोन करते, तेवढाच कोन फायटरला दुसऱ्या टोकाकडून द्या. वेग सारखा असेल तर समद्विभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूवर दोघं भेटतील, फायटर वेगवान असेल तर आधी पोचून वाट पाहील. बॉम्बरने वळण घेतलं? नवी रेघ, नवा कोन. अनुभवी नियंत्रकाला हे नजरेनेच जमे. या कोनाला सारे प्रेमाने ‘टिझी अँगल’ म्हणू लागले. यंत्र हाती येण्याआधी ते वापरण्याची रीत घोटून तयार ठेवणं, इतकी दूरदृष्टी युद्धखात्यात क्वचितच दिसते.

याच १९३६ सालच्या जुलैमध्ये ह्यू डाउडिंग फायटर कमांडचे प्रमुख झाले. अबोल, हट्टी, मर्जी सांभाळण्याची कला नसलेला माणूस. त्यांनी या सगळ्या सुट्या धाग्यांचं वस्त्र विणलं. किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांना विमानाचं अंतर चांगलं कळे, दिशा मात्र ढोबळ. एकाच टोळीची खबर तीन केंद्रं तीन तऱ्हांनी देत. त्या सगळ्या खबरी आधी बेंटली प्रायरी इथल्या, म्हणजे फायटर कमांडच्या मुख्यालयातल्या, फिल्टर रूममध्ये यायच्या. तिथे शेजारच्या केंद्रांनी दिलेल्या अंतरांचे कंस जिथे एकमेकांना छेदतील ती खरी जागा धरायची. तीन बातम्यांची एक बातमी झाली, तिला क्रमांक मिळाला, की मगच ती पुढे अक्सब्रिजला आणि तिथून सेक्टर विमानतळांना, म्हणजे ग्रुपच्या एकेका विभागाच्या मुख्य तळांना, जाई. जनतेसाठीचा भोंगा वाजवण्याचा इशाराही बेंटली प्रायरीतूनच निघे.

रडार समुद्राकडे पाही. विमानं किनारा ओलांडून आत आली की ते आंधळं, आणि तिथून पुढे टेकडीवरचा ऑब्झर्व्हर. आपली विमानं कुठे आहेत हे कळण्यासाठी वेगळी युक्ती होती. ठरावीक विमानांचा रेडिओ दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप एक सूर पाठवी, जमिनीवरची तीन केंद्रं त्याची दिशा धरत आणि त्या तीन दिशांच्या रेघा नकाशावर जिथे मिळतील तिथे आपला वैमानिक. या युक्तीचं नाव होतं ‘पिप-स्क्वीक’.

१५ सप्टेंबर १९४० रोजी विन्स्टन चर्चिल पत्नीसह अक्सब्रिजच्या सज्जात आले. ११ व्या ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क, मूळचे न्यूझीलंडचे, शेजारी उभे होते. कंट्रोलर होते लॉर्ड विलोबी डी ब्रोक. खाली वॅफच्या, म्हणजे महिला हवाई दलाच्या तरुणी लांब दांड्यांनी बाण सरकवत होत्या. भिंतीवर प्रत्येक स्क्वाड्रनसाठी दिव्यांची उभी ओळ होती: तयार, सज्ज, उड्डाण केलेली, शत्रू दिसलेली. एकेक करून दिवे वरच्या लाल ओळीत गेले, खालचे विझले. चर्चिल यांनी राखीव किती उरलंय असं विचारलं. पार्क म्हणाले, काहीच नाही. तळघरात कुणीही आवाज चढवला नव्हता, असं चर्चिल यांनी पुढे नोंदवलं आहे. मला हे त्या दिवसाचं सर्वांत खरं चित्र वाटतं. ज्यांच्या हाती ताजी बातमी असते त्यांना ओरडावं लागत नाही.

अक्सब्रिज जमिनीखाली सुरक्षित होतं, पण सेक्टरच्या नियंत्रण खोल्या उघड्यावर, साध्या इमारतींत होत्या. ऑगस्टमध्ये केनलीच्या तळावर बॉम्ब पडले तेव्हा तिथली खोली केटरहॅम गावातल्या खाटकाच्या बंद दुकानात हलवली गेली. बिगिन हिलच्या नियंत्रण खोलीवर बॉम्ब पडला तेव्हा हेलन टर्नर आणि एल्स्पेथ हेंडरसन टेलिफोन सोडून हलल्या नाहीत. त्याच तळावरच्या जोन मॉर्टिमर यांच्याबरोबर दोघींना मिलिटरी मेडल मिळालं. तो काळ पाहता एका स्त्रीच्या छातीवर रणांगणातलं हे पदक लागणं ही फार मोठी गोष्ट होती. संपूर्ण युद्धात वॅफच्या फक्त सहा जणींना ते लाभलं.

जर्मनीकडेही रडार होतं, कारागिरीत सरसच म्हणावं असं. पण ब्रिटिशांनी त्याच्याभोवती बांधलेली माणसांची साखळी त्यांच्या ध्यानात आली नाही. ब्रिटिश फायटर जमिनीवरून चालवली जातात, म्हणजे ती आपापल्या तळांना बांधलेली असणार आणि मोठ्या हल्ल्यासमोर एकवटू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांच्या हेरखात्याने काढला. झालं नेमकं उलट. साखळीमुळेच ती हवी तिथे एकवटत होती.

त्या खोल्यांतली भाषाही जगभर पसरली. ‘स्क्रॅम्बल’ म्हणजे तात्काळ उडा, ‘व्हेक्टर’ म्हणजे ही दिशा धरा, ‘एंजल्स’ म्हणजे हजार फुटांतली उंची, ‘बँडिट’ म्हणजे शत्रूचं विमान. भारतीय हवाई दलाने ही रीत आणि यातले पुष्कळसे शब्द ब्रिटिश काळातून घेतले. इथे नियंत्रकाला ‘फायटर कंट्रोलर’ म्हणतात आणि रडार सांभाळणाऱ्या तुकडीला ‘सिग्नल युनिट’. १९६५ च्या युद्धात अमृतसरच्या २३० सिग्नल युनिटचं रडार नष्ट करायचा प्रयत्न पाकिस्तानी हवाई दलाने पुन्हा पुन्हा केला, त्यावरून या तुकडीचं मोल कळावं. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत ज्या घरांनी काचांना काळे कागद चिकटवले आणि भोंगा वाजताच दिवे मालवले, ती घरंही अशाच एका साखळीच्या शेवटच्या टोकाला बसली होती.

त्याच वर्षीच्या २२ नोव्हेंबरला, युद्ध अधिकृतपणे सुरू होण्याआधी, पूर्व सीमेवर बोयराजवळ पाकिस्तानी सेबर विमानं आपल्या फौजेवर हल्ले करत होती. सकाळपासून दोनदा कलकत्त्याच्या डमडमहून २२ व्या स्क्वाड्रनची नॅट विमानं उडाली आणि दोन्हीदा ती पोचेपर्यंत सेबर निघून गेली होती. दुपारी तीनच्या सुमाराला रडारवर पुन्हा ठिपके उमटले. फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची या कंट्रोलरने चार नॅट उडवली आणि दिशा सांगत सांगत त्यांना नेमकं सेबर विमानांच्या पाठीशी नेऊन सोडलं. मॅसी, गणपती, लाझारस आणि सोआरेस हे चार वैमानिक होते. दोन सेबर पडली, तिसरं जखमी होऊन निसटलं. पॅराशूटने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक युद्धकैदी झाले. शत्रूचं विमान पडलं की द्यायचा ‘मर्डर, मर्डर, मर्डर’ हा संकेत रेडिओवरून बागचींच्या कानावर आला. त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्या खेपेला, बातमी वेळेत पोचली होती.