कपाशीच्या शिवारातील अन्नसाखळी

परभणी जिल्ह्याचा इतिहास आम्ही एरवी निजामाची राजवट आणि मुक्तिसंग्राम यांच्या अनुषंगाने वाचतो. परंतु येथील काळ्या मातीतील कपाशीलाही स्वतःचा इतिहास आहे, आणि कोण कोणाला खाऊन जगतो, या प्रश्नाशी तो निगडित आहे.

हैदराबाद संस्थानाच्या काळात येथे ‘गावरानी’ हा देशी कापूस पिकत असे. शिवारात मावा होता, तुडतुडे होते, बोंडअळीही होती. पण माव्यावर ढालकिडा आणि त्याची अळी जगत असे. बोंडअळीच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा हा अतिसूक्ष्म कीटक वाढत असे. अळ्या कोतवाल व साळुंक्या टिपून नेत. कीड नाहीशी होत नसे, मर्यादेत राहत असे. ती थोडीफार उरणे आवश्यकच होते. कारण तेच या राखणदारांचे अन्न होते.

१९७० साली सुरतेहून ‘संकर-४’ हे वाण आले. पुढे नांदेडच्या संशोधन केंद्राचे ‘एनएचएच-४४’ मराठवाडाभर पसरले. उत्पन्न वाढले, तशी फवारणीही वाढली. विषाने कीड मेली, तिला खाणारेही मेले. मात्र माव्याची मादी नरावाचून पिले देते. तिचे कुटुंब काही दिवसांत पूर्ववत होते. ढालकिड्याचा वंश भक्ष्य वाढल्यावरच वाढतो. या मधल्या अवधीत कीड मोकाट सुटते, आणि शेतकरी उधारीवर पुन्हा औषध आणतो. विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांचीच प्रजा मागे उरते.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बोंडअळीसाठीची फवारणी काही वर्षे घटली. परंतु जवळजवळ केवळ कपाशीवरच जगणारी गुलाबी बोंडअळी त्या विषालाही सरावली. २०१७ साली तिने महाराष्ट्रातील बोंडे पोखरली.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठासह कृषितज्ज्ञ आज मूग-उडदाचे आंतरपीक, झेंडूच्या ओळी, पक्षीथांबे आणि गरजेपुरतीच फवारणी सुचवितात. त्यामागचा विचार एकच आहे: राखणदाराला शिवारात अन्न व आसरा मिळावा. आमच्या अंगावरचे सुती वस्त्र या अनाम जीवांच्या श्रमावरही उभे आहे, याचे भान आम्ही ठेवले, तर शेतकऱ्याच्या घरावरील कर्जाचा भार थोडा तरी हलका होईल.