पवनार

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील धाम नदीकाठचे ऐतिहासिक गाव. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते सुमारे ८ किमी. अंतरावर आहे. येथे नदीचे पात्र काळ्या बसाल्ट खडकाचे असून पाणी ओसरले की खडकांच्या खाचांमधून लहान-लहान धारा वाहताना दिसतात. काठाच्या उंचवट्यावर विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम आहे. या देखाव्यामुळे पवनारची गणना सहसा सहलीच्या ठिकाणांत होते किंवा सेवाग्राम पाहून झाल्यावर जाता जाता थांबण्याची जागा म्हणून त्याचा उल्लेख येतो. ही ओळख अपुरी आहे. प्राचीन वसाहतीचे अवशेष आणि विसाव्या शतकातील श्रमनिष्ठ जीवनाचा प्रयोग एकाच मातीत एकत्र आढळतात, यातच पवनारचे खरे महत्त्व आहे.

वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे काही अभ्यासकांनी प्रवरपुराचा मान रामटेकजवळच्या मनसरला दिला. राजधानीच निश्चित नाही तर पवनारचे महत्त्व कसले, असा आक्षेप यावर निघतो. पण राजधानीचा वाद कसाही सुटला, तरी वाकाटककालीन शिल्पे याच भूमीतून निघाली, ही गोष्ट बदलत नाही. गावाचे मोल राजपदावर ठरवणे मुळातच चुकीचे आहे.

विनोबा १९३८ मध्ये जमनालाल बजाज यांच्या नदीकाठच्या बंगल्यात राहण्यास आले. शेतीसाठी खोदकाम करताना जमिनीतून शिल्पे निघाली. त्यांतील एका शिल्पात विनोबांना भरत-रामाची भेट दिसली. शिल्पातील प्रसंगाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ते आश्रमातच पूजास्थानी राहिले आणि इतर मूर्तीही आवारातच जतन झाल्या. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी येथूनच आरंभ केला. २५ मार्च १९५९ रोजी त्यांनी याच आश्रमात ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. हा गांधींच्या सेवाग्रामचाच विस्तार, असे कोणी म्हणेल. पण ब्रह्मविद्येची साधना स्त्रियांनी सामूहिकपणे करावी आणि आश्रमाचे निर्णय सर्वसंमतीने घ्यावेत, हा प्रयोग स्वतंत्र आहे. शेती, सफाई, स्वयंपाक आणि विष्णुसहस्रनामाचे पठण ही त्या साधनेचीच अंगे आहेत. विनोबांचे निधन १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच झाले.

पवनार केवळ सहलीचे ठिकाण नाही असे म्हटले, की नदी सर्वांची आहे, मग सहलीला हरकत का, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. हरकत सहलीला नाही. काठावर प्लास्टिक टाकण्याला आणि नांदत्या आश्रमात गोंगाट करण्याला आहे. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये याच पात्रात विसर्जित झाल्या आणि त्या स्मृतीसाठी दरवर्षी १२ फेब्रुवारीला येथे सर्वोदय मेळा भरतो. पाहुण्यांनी घाटावरून परत फिरू नये. आश्रमात जाऊन शिल्पे निरखून पाहावीत आणि तेथील कामाची शिस्त सांभाळावी.