लोणारचा खार आणि सूर्य

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचा विषय निघाला कीं वाचकांस प्रथम लवणासुर आठवतो, मग उल्का. विष्णूनें दैत्यसूदन होऊन त्या असुरास मारिलें ही कथा गोड आहे. आणि काळ्या खडकांतलें हें विवर उल्केच्या आघातानें झालें असें १९७३ सालीं, आघातानें कांचेसारख्या बनलेल्या खनिजाच्या पुराव्यावरून ठरलें, ही गोष्टही लहान नव्हे. परंतु या पाण्याच्या इतिहासांत जो खरा राबला त्या सूर्याचें नांव कोणी घेत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद. झऱ्यांचें व पावसाचें पाणी आंत उतरतें. बाहेर वाहून जावयास वाट नाहीं. येतांना तें खडकांतील क्षार घेऊन येतें. ऊन पाणी तेवढें उचलतें आणि क्षार मागें ठेवतें. चुना आधींच तळाशीं बसतो, आणि सोडियमचा कार्बोनेट पाण्यांत सांचत जातो. कोंकणच्या मिठागरांतही ऊनच राबतें, पण तेथें हातीं येतें तें मीठ. येथें मिठाच्या जोडीस सोडा मिळतो, म्हणजे धुण्याचा खार.

राज्यकर्त्यांनीं हें केव्हांच ओळखलें होतें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलानें ‘ऐन-इ-अकबरी’ंत, ब्राह्मण लोणारास विष्णुगया म्हणतात, असें नमूद करून लगेच कांच व साबण यांस लागणारें सर्व साहित्य येथें मिळतें, असें लिहिलें. तीर्थ आणि वसुली एकाच परिच्छेदांत! उन्हाळ्यांत पाणी हटलें कीं कांठावर खार धरे. त्याच्या प्रतींस पापडी, डल्ला, भुसकी अशीं नांवें होतीं. अशीं वेगवेगळीं नांवें पारखणाऱ्या हातांवांचून पडत नाहींत. त्या हातांची नोंद मात्र कोणत्याही बखरींत नाहीं.

जून २०२० मध्यें पाणी गुलाबी झालें तेव्हां मोठा गवगवा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून, अतिखाऱ्या पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव यास कारण असल्याचें सांगितलें. पाणी आटून खारेपणा वाढला म्हणजे ते फोफावतात. त्यांच्या अंगचा तांबूस रंग प्रखर किरणांपासून त्यांचें रक्षण करितो. ज्या उन्हानें खार दाट केला त्याच उन्हाविरुद्ध ही ढाल! पुढें ते जीव तळाशीं बसूं लागले व रंग ओसरला.

आम्हांस भीति वाटते ती रंगाची नव्हे. सूर्य उचलूं शकेल त्याहून अधिक गोडें पाणी वर्षानुवर्षें आंत येत राहिलें, तर खार पातळ होईल, आणि त्यावर जगणारे हे जीवही विरळ होतील.