कानाच्या मापाची गोष्ट

हाक मारूनही कुणी लक्ष दिलं नाही, की आपण रागानं विचारतो, "कानांत बोळे घातलेत काय?" बोलण्यात हा टोमणा असतो. सोलापुरात मात्र हा प्रश्न कधी कधी खरोखरच विचारावा लागतो, आणि त्याचं उत्तर 'हो' असं यावं अशी इच्छा धरावी लागते. कारण हे मागांचं गाव आहे, आणि मागाशेजारी उघड्या कानांनी उभं राहणाऱ्या माणसाचा कान हळूहळू जातो.

कानात काहीतरी घालायचं ते दोन कारणांसाठी. एक, हवा तो आवाज नीट ऐकू यावा म्हणून. आणि दुसरं, नको तो आवाज बाहेर राहावा म्हणून. ही दोन्ही कामं एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत: घातलेली वस्तू कानात नीट बसली पाहिजे. एवढी साधी गोष्ट माणसाला कळायला आणि जमायला दीडशे वर्षं लागली. तिचाच हा छोटासा इतिहास.

आधी कानाची वाट कशी आहे ते पाहू. बाहेरच्या पाळीपासून पडद्यापर्यंतची ही नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि सात-आठ मिलिमीटर रुंद असते. ती सरळ नसते, तिला वळण असतं. ती गोलही नसते, थोडी लंबगोल असते. आपण जेवतो, बोलतो, जांभई देतो तेव्हा जबड्याबरोबर तिचा आकार बदलतो. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा पुष्कळदा सारखे नसतात. पायाचं माप घेतल्याशिवाय चांभार चप्पल शिवत नाही, अंगाचं माप घेतल्याशिवाय शिंपी कापड कापत नाही. कानाचं माप मात्र फार काळ कुणी घेतलंच नाही.

पहिली गरज पडली ती डॉक्टरांना. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६ साली लाएनेक या डॉक्टरानं कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके ऐकले. पुढे त्यानं लाकडी नळी केली, पण ती एकाच कानाला लावायची असे. दोन्ही कानांनी ऐकण्याची सुटसुटीत नळी न्यूयॉर्कच्या डॉ. कॅमन यांनी १८५२ मध्ये तयार केली. तिच्या टोकांना हस्तिदंती बोंडं होती. ती कानाच्या वळणाच्या दिशेनं, म्हणजे किंचित पुढे नाकाकडे वळलेली असली तरच आवाज नीट येतो, हे डॉक्टरांना अनुभवानं कळलं. आजही नवशिक्या विद्यार्थ्यानं नळी उलटी घातली, तर ठोके अगदी मंद ऐकू येतात. आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला जखमी सैनिकांच्या सेवेसाठी गेले आणि १९४२ मध्ये तिथंच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पिढीच्या डॉक्टरांच्या गळ्यातली नळी याच वंशातली.

डॉक्टरांची ही नळी मग करमणुकीच्या धंद्यात शिरली. १८८९ मध्ये सान फ्रान्सिस्को शहरात नाणं टाकून गाणं ऐकवणारं फोनोग्राफ यंत्र बसवलं गेलं. कर्णे नव्हते, लोक यंत्राच्या नळ्या कानांत घालून गाणं ऐकत. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, मेर्कादिए नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं टेलिफोनसाठी कानात घालायच्या दोन छोट्या ऐकण्यांचं पेटंट घेतलं. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि टोकांना रबरी टोप्या. टोप्या कशासाठी? कानाला टोचू नये आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. आज मुलं कानांत जे घालून फिरतात, त्याची मूळ कल्पना इतकी जुनी आहे.

पण काळ तिच्यासाठी तयार नव्हता. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा साध्या स्फटिक-संचावर ऐकणारे लोक डोक्याला पट्टा आणि कानांवर जड चकत्या लावून बसत. एका वेळी घरातल्या एकालाच ऐकता येई. पुढे लाउडस्पीकर आला, खेड्यांत सार्वजनिक संच आले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं १९५६ मध्ये सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. चावडीवर, शाळेत गाव एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐके आणि त्यावर चर्चा करी. तेव्हा कानाच्या मापाचा प्रश्नच नव्हता. आवाज सगळ्यांचा होता. मग ट्रान्झिस्टर आला. त्याच्याबरोबर एका कानात घालायचं टणक प्लास्टिकचं बोंडूक मिळे. माप एकच, कुणाला मोठं, कुणाला लहान. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणारा गडी ते बोटानं दाबून धरी. ते बोट म्हणजेच न बसणाऱ्या मापाची साक्ष.

आता दुसऱ्या बाजूकडे, गोंगाटाकडे येऊ. तांबटआळीत सतत ठोकाठोक करणारे कारागीर बहिरे होतात, हे रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवलं होतं. ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी १८८६ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. ज्याचे कान धड आहेत असा कामगार त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायका ओठांच्या हालचाली वाचून एकमेकींशी बोलत. त्या बोलण्याला 'मी-मॉ' असं नावच पडलं होतं.

सोलापुरात १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, मग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर या गावाचं नाव केलं. हातमागाची खटखट माणसाच्या हातापायांच्या लयीत चालते. पुढे यंत्रमाग आले. यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे आपटत जातो, आणि एका छपराखाली असे कितीतरी माग असतात. तिथं आवाज पंचाण्णव ते शंभर डेसिबलच्या घरात सहज जातो. आपल्याकडच्या कारखाना-नियमांप्रमाणे नव्वद डेसिबलमध्ये आठ तास, पंचाण्णवमध्ये चार आणि शंभरमध्ये दोनच तास उघड्या कानांनी काम करावं. पाळी मात्र आठ तासांची, कुठे बाराचीसुद्धा. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झाले; चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग अजून चालू आहेत.

हा बहिरेपणा दुखत नाही, म्हणूनच तो घातकी. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. गोंगाटानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण 'सात' म्हटलं की 'हात' म्हटलं हे उमगत नाही. घरची मंडळी म्हणतात, "हल्ली यांचं लक्षच नसतं." वास्तविक लक्ष असतं, गेलेला असतो तो कान.

यावर कामगार कापसाचा बोळा घालतो. सोलापुरात कापसाला काय तोटा! पण कोरड्या कापसातून हवा जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. बर्लिनच्या माक्स नेगवेर यांनी १९०७ मध्ये कापसात मेण मिसळून कानात घालण्याच्या गोळ्या केल्या. मेण अंगाच्या उबेनं मऊ होतं आणि कानाचा आकार घेतं. पुढे १९६७च्या सुमारास अमेरिकेत रॉस गार्डनर यांच्या संशोधनातून असा फोम निघाला, की जो चुरगाळला तर बारीक होतो आणि कानात गेल्यावर हळूहळू फुगून जागा भरतो. इथं इतिहासाला वळण मिळालं. कानानं वस्तूला जुळवून घ्यायचं, हे संपलं. वस्तूनं कानाला जुळवून घ्यायचं, हे सुरू झालं. श्रवणयंत्रासाठी कानाचा साचा घेण्याची पद्धतही याच विचाराची. अमेरिकेतल्या मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीनं १९९१ मध्ये कानात खोल बसणारे ऐकणे संगीतासाठी विकायला काढले, तेव्हा गोंगाट अडवणारी टोपी आणि गाणं ऐकवणारी टोपी एकच झाली.

आता उपयोगाच्या दोन गोष्टी. फोमचं बोंड दोन बोटांत वळून बारीक करावं. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे वळण सरळ होतं. मग बोंड आत सारून अर्धा मिनिट बोटानं धरावं. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला, तर ते बसलं असं समजावं. मोबाइलच्या ऐकण्याबरोबर रबरी टोप्यांचे दोन-तीन आकार येतात; ते फेकू नका. तबल्याचा बायाँ, ढोलाची घुम पोकळ वाटली, तर टोपी सैल आहे. उजव्या-डाव्या कानाला वेगळा आकार लागला, तर त्यात लाज नाही. टोपी सैल असली की मुलगा आवाज वाढवतो, आणि नुकसान तिथं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं आठवड्यात चाळीस तास ऐशी डेसिबल, ही मर्यादा ओलांडू नये. टोप्या धुवाव्यात, दुसऱ्याच्या वापरू नयेत, आणि कान वाहत असेल तर काहीच न घालता डॉक्टरांकडे जावं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात 'लक्ष नसलेला' मुलगा आधी पुढच्या बाकावर बसवून पाहा. कदाचित त्याचा कान तपासायला हवा असेल. आणि मागमालकांना सांगणं एवढंच, की एकाच मापाची बोंडं आणून वाटली म्हणजे कर्तव्य झालं असं नाही. जे टोचतं ते तासाभरात खिशात जातं. दोन-तीन मापांची आणावीत, घालून दाखवावीत, बसली की नाहीत ते विचारावं. चादर विणताना ताण्याचा एक धागा तुटला तर आपण माग थांबवतो. चादर विणणाऱ्या माणसाच्या कानासाठीही तेवढी काळजी घ्यायला हवी.