बक्षिसी नको, मजुरी हवी : येसकराच्या भाकरीपासून डिलिव्हरीच्या टीपपर्यंत

हॉटेलात वेटरला टीप द्यावी का, किती द्यावी, हा विषय आपल्याकडे शिष्टाचाराचा समजला जातो. बिलाच्या दहा टक्के ठेवावेत की सुट्टे उरतील ते ठेवावेत, एवढ्यावर चर्चा संपते. आमच्या मते हा इतिहासाचा प्रश्न आहे. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या देणाऱ्याच्या मर्जीवर पोट भरत जगल्या, त्या समाजाने, म्हणजे आपण, हा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे. नाहीतर जालन्याच्या मोंढ्यात, दवाखान्यात आणि ढाब्यांवर आज काय चाललं आहे, ते आपल्याला कळणार नाही.

शब्द कुठून आला?

'टीप' हा शब्द अलीकडचा. त्याच्या आधी आपल्याकडे बक्षिसी होती, खुशी होती, दिवाळीचं पोस्त होतं, चहापाणी होतं. यातला 'बक्षीस' शब्द फारसीतून आला. त्या भाषेत 'बख्शीदन' म्हणजे देणं, बहाल करणं. त्याचा दुसरा अर्थ माफ करणं. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली, हे शब्दातच ठरलेलं आहे.

आपल्या भागात या शब्दाला दरबारी इतिहासही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. १९८१ च्या १ मे रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचं. त्या राज्याच्या दरबारात दोन शब्द चालायचे. खालून वर जातो तो नजराणा आणि वरून खाली येते ती बक्षिसी. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान नजराणे घेण्यासाठी प्रसिद्ध होता. दोन्हींना 'भेट' म्हणायची पद्धत होती, पण फरक ओळखा. नजराणा चुकवला तर खैर नसायची. बक्षिसी मिळाली नाही तर दाद मागायला जागा नसायची. एक सक्तीची भेट, दुसरी मर्जीची भेट. सरंजामशाहीचा सगळा हिशेब या दोन शब्दांत मावतो.

गावगाड्यातलं 'हक्काचं' बलुतं

दरबारातला हाच हिशेब गावात बलुत्याच्या नावाने चालायचा. गावच्या महाराने काय काय करायचं? वेशीवर राखण करायची. साऱ्याच्या वेळी लोकांना चावडीवर बोलावून आणायचं. सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, टपाल पोचवायचं. कुणी मेलं तर सांगावा घेऊन परगावी पायी जायचं. मेलेलं ढोर ओढायचं. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही. मोबदला काय? हाडकी-हाडोळ्याचा तुकडा, सुगीला खळ्यावरचं धान्य आणि संध्याकाळी येसकराने दारोदार फिरून गोळा केलेली भाकरी. मांग, चांभार, ढोर यांचीही थोड्याफार फरकाने हीच गत होती.

बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी आपल्याकडे परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. म्हातारी माणसं ती अभिमानाने सांगत. पण ज्याची मोजणी समोरचा करतो, ज्याची वेळ समोरचा ठरवतो आणि जे थांबवल्यावर कुठेही तक्रार करता येत नाही, त्याला हक्क कसं म्हणायचं? खळ्यावर सूप धान्याने भरायचं की अर्धं ठेवायचं, हे पाटलाच्या मनावर. भाकरी ताजी द्यायची की शिळी, आणि ती वरून टाकायची, हे घरधनिणीच्या मनावर. वर्षभराच्या श्रमाचा मोबदला आपल्यापुढे दान म्हणून यायचा आणि त्यासाठी 'जोहार मायबाप' म्हणावं लागायचं.

सरकारी नोकरीत असलेल्या त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिलं. बलुत्याचं इतकं बारीक वर्णन मराठीत दुसरीकडे क्वचित सापडेल. पण त्यांचा रोख बलुतेदारांचा भार कुणब्यावर कसा पडतो, इकडे आहे. टोपली घेऊन दारात उभं राहणाऱ्याच्या बाजूने हीच गोष्ट सांगायला आपली लेखणी यावी लागली. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं, ते उगीच नाही.

महाड आणि १९२८ चं विधेयक

महाडचं नाव काढलं की आपल्याला चवदार तळं आठवतं. पण मार्च १९२७ च्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं मागणं आणि मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असंही बजावलं होतं. पाणी आणि भाकरी हे दोन्ही प्रश्न तिथे एकत्र होते. कारण माणुसकीचा हक्क मागितला की गाव सर्वांत आधी बलुतं बंद करायचं. ज्याची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते, त्याला बहिष्काराने आठवड्यात वाकवता येतं.

म्हणून पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्यातली मागणी आजच्या कामगार कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करा आणि ती रक्कम सरकारने वसूल करून द्यावी. वतनदार महाराची कामं कोणती, ते नियमाने ठरवा. ज्याला वतन सोडायचं आहे, त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवू द्या. म्हणजे काम ठरलेलं, दाम ठरलेला आणि सोडून जायची मोकळीक. 'महारांना जास्त बलुतं द्या' असं बाबासाहेब म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांनी मर्जीच काढून टाकायला सांगितली. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, त्यांना ते मागे घ्यावं लागलं. मुंबई इलाख्यातली महार वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

जालना या कायदेमंडळाच्या कक्षेबाहेर होतं. पण विचाराला निजामाची हद्द अडवू शकली नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. १९५० साली औरंगाबादला त्यांनी महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. मराठवाड्यातल्या ज्या पोरांच्या बापांनी भाकरीची टोपली उचलली होती, ती पोरं तिथे शिकली आणि टोपली खाली ठेवली गेली.

न्यूयॉर्कचा धडा

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकालाही घडत होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या काळात अमेरिकेच्या रेल्वेतले पुलमन कंपनीचे शयनडबे प्रसिद्ध होते. गुलामगिरी संपल्यावर या कंपनीने मुक्त झालेल्या काळ्या माणसांना डब्यातले पोर्टर म्हणून नेमलं. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या टीपवर. प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी रीत तशीच चालू राहिली. टीप मिळवायची तर हसतमुख राहायचं आणि अपमान गिळायचा. आपल्या 'जोहार'शी हे ताडून बघा.

टीपला तिथेही विरोध झाला. १९०९ नंतर काही राज्यांनी टीपवर बंदी घालणारे कायदे केले. ते टिकले नाहीत, १९२६ पर्यंत रद्द झाले. पोर्टरांनी वेगळा रस्ता धरला. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभारली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला पगार आणि कामाच्या तासांचा करार करायला लावला. या बारा वर्षांत ते टीप घेतच होते, कारण घरी लेकरं होती. टीप घेणाऱ्याला त्यांनी लाज आणली नाही. लाज आणली ती पगार न देणाऱ्या कंपनीला.

आणि जिथे संघटना नव्हती तिथे काय झालं? अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबलेलं आहे. इतरांचं ७.२५ डॉलर आहे. मधली तूट ग्राहकाच्या टीपने भरून निघेल, असं कायदाच गृहीत धरतो. ती निघाली नाही तर मालकाने भरायची, असं कागदावर आहे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दयेतून मालकाचा पगारखर्च वाचतो.

बाबासाहेबांनी दिलेली उत्तरं

भारतात ही वाट आपण धरू नये, याची तजवीज बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. मजूर मंत्री असताना ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ साली त्याचा कायदा झाला. किमान वेतन रोखीने द्यायचं, ही त्या कायद्यातली मूळ तरतूद होती. धान्य, उरलंसुरलं, जुने कपडे देऊन बोळवण करायची रीत त्याने मोडायची होती. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. आणि १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा कलम २३ खालची सक्तीची मजुरीच आहे.

याचा सरळ अर्थ असा. 'पगार कमी आहे, पण वरची टीप चांगली सुटते' असं सांगून पोरं कामाला ठेवणारा मालक नुसता कंजूष नसतो. तो वेठबिगार राबवत असतो. गेल्या नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे संहितांमध्ये विलीन झाले आहेत. संविधानाचं कलम मात्र जागेवर आहे.

आजच्या जालन्यात

'जालना सोने का पालना' ही म्हण आपण ऐकतो. पोलाद, बियाणं, मोसंबी, मोंढा, सगळं आहे. या पाळण्याची दोरी ओढणाऱ्यांना काय मिळतं, ते पाहू.

सरकारी असो की खासगी, दवाखान्यात बाळंतपण झालं की झाडूपोछा करणारी मावशी 'खुशी' मागते. मुलगा असेल तर जास्त, मुलगी असेल तर कमी. गरीब नातेवाईक चिडतो आणि तिला लुटारू म्हणतो. खुशी मागणं चूकच आहे, आणि मुलीसाठी कमी मागणं ही तर दुहेरी चूक. पण ती मावशी बहुतेक वेळा कंत्राटदाराकडे असते, तिच्या हातात पगाराची पावती नसते, आणि अनेकदा ती आपल्याच वस्तीतली असते. कंत्राटदाराने गिळलेला पगार ती रुग्णाकडून वसूल करते. दोन गरीब एकमेकांशी भांडतात आणि कंत्राटदार बाजूला उभा राहतो.

शासनाची भाषा बघा. आशाताई, पोषण आहार शिजवणारी बाई, गावचा कोतवाल, यांना मिळतं ते 'मानधन'. वेतन म्हटलं की दर येतो, तास येतात, निवृत्तीवेतन येतं. मानधन म्हटलं की देणाऱ्याची कृपा उरते. कोतवालाचं काम पाहिलं तर ते जुन्या गावकामगार महाराचंच काम आहे. म्हणून चतुर्थ श्रेणीसाठी कोतवालांनी वर्षानुवर्षं केलेली आंदोलनं आम्ही १९२८ च्या विधेयकाचाच पुढचा भाग मानतो.

नवा गावगाडा मोबाइलमध्ये आहे. घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोराला कंपनी कामगार मानत नाही, 'पार्टनर' म्हणते. दर कमी झाला तर ॲपवर टीपचं बटण मोठं होतं. मे २०२५ मध्ये गाडी मिळण्याआधीच टीप मागितल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस बजावली. पण नोटीस ग्राहकाच्या बाजूने होती. चालकाचा दर कोण ठरवणार, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर आपल्याच राज्यात सापडतं. हमाली एकेकाळी अशीच मर्जीची होती. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने हमाली आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना द्यायचा. एका मालकाकडे कायम नोकरी नसलेल्या माणसालाही हक्काची मजुरी देता येते, हे त्याने सिद्ध केलं. मग ॲपवाल्या पोराला का देता येत नाही? राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी मंडळ आणि शुल्काचा कायदा केलाच ना? आणि त्याच मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडून नेण्याच्या बदल्यात राबणारी बाई माथाडीच्या यादीत का नाही, हेही विचारा.

आपण काय करायचं?

टीप देणं बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. त्याने मालकाचं काही बिघडणार नाही, वेटरच्या घरचं तेल मात्र कमी होईल. द्यायची तर त्याच्या हातात द्या आणि 'अरे'ऐवजी 'दादा' म्हणा. बिलात जबरदस्तीने सेवाशुल्क लावलं तर भरू नका, ते सक्तीने घेता येणार नाही असं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे.

पण तिथे थांबू नका. आपल्या वस्तीतले किती जण कंत्राटी सफाईवर, ढाब्यांवर, डिलिव्हरीवर आहेत, त्याची यादी करा. त्यांच्या धंद्याचं किमान वेतन किती आहे ते काढा आणि हातात येणाऱ्या रकमेशी ताडून बघा. सरकारी कार्यालयातलं कंत्राट असेल तर हजेरीपट आणि वेतनपत्रक माहिती अधिकारात मागा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. ते घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे जा, आणि एकटे जाऊ नका. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला जेवढे जमतो, त्याच्या दहावा हिस्सा जरी कामगार कार्यालयाच्या दारात उभे राहिलो तरी पुष्कळ होईल.

आपल्या आजोबांनी येसकराची टोपली फेकली तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं. तरी त्यांनी ती फेकली. आपल्याला आज कायदा आहे, संविधान आहे, शिक्षण आहे. एवढं हाताशी असताना आपल्या भावाबहिणींना कुणाच्या खुशीवर जगू द्यायचं का, हे आपणच ठरवायचं आहे.

जय भीम!