ग्वाल्हेरचे टपाल आणि जोतिबाचा डोंगर

चैत्री यात्रेचा गुलाल वाडी-रत्नागिरीच्या पायऱ्यांवरून अजून पुरता धुतला गेलेला नाही, आणि आम्ही तुमच्यापुढे टपालाच्या तिकिटांवर बोलायला उभे आहोत. कामगार संघटनेच्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलावे. जुनी तिकिटे गोळा करणे हा सवड असलेल्या श्रीमंतांचा छंद, असे कोणी मनात म्हणत असेल तर ते अगदीच खोटे नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत होतो.

देवळापासून सुरुवात करू. जोतिबाचे आज दिसते ते मोठे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधवले, आणि शेजारचे केदारेश्वराचे देऊळ १८०८ साली दौलतराव शिंद्यांनी, असे सांगतात. जोतिबा हे शिंद्यांचे कुलदैवत. पुढे १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरला लष्कराचा तळ कायम केला, राजधानी तिकडे गेली, आणि त्यांच्यामागे गेलेल्या मराठी घराण्यांचा देव मात्र इथे डोंगरावरच राहिला. देव इथे आणि भक्त शेकडो कोस दूर, अशी स्थिती झाली म्हणजे मध्ये टपाल येतेच.

ते टपाल पाहण्याआधी थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ. १८६०-६१ साली अमेरिकेतील दक्षिणेची राज्ये फुटून निघाली. गुलामगिरी टिकवणे हाच त्या फुटीचा गाभा होता, तेव्हा त्या राजवटीविषयी आमच्या मनात तिळमात्र ममता नाही. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून जोतीराव नाव ठेवले, असे ज्यांचे चरित्रकार सांगतात, त्या फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केले होते. परंतु राज्य पापाचे असले तरी पत्रे लिहिणारी माणसेच असतात. १ जून १८६१ रोजी दक्षिणेने टपालखाते आपल्या ताब्यात घेतले, जुनी तिकिटे चालेनात, आणि नवी तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघालीच नाहीत. मधले साडेचार महिने काय करायचे? गावोगावच्या टपालमास्तरांनी आपल्या अकलेने मार्ग काढला. कोणी पाकिटावर 'पैसे पोचले' असा शिक्का मारला, तर कोणी गावच्या छापखान्यात जाऊन स्वतःची तिकिटेच छापून घेतली. न्यू ऑर्लिन्सचा टपालमास्तर रिडेल हा पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या तिकिटांवर त्याचेच नाव आहे. माउंट लेबनन नावाच्या लहानशा गावात कोणी लाकडाचा ठसा कोरला, पण अक्षरे उलटी कोरायची असतात हे तो विसरला, आणि तिकिटावरचा मजकूर आरशात पाहावा तसा उमटला. ते एकच तिकीट आज जगात शिल्लक आहे. पुढे कागदाची इतकी टंचाई झाली की लोक भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाची पाकिटे करू लागले आणि आलेले पाकीट उलटे करून पुन्हा वापरू लागले. असल्या पाकिटांसाठी आज तिकडचे संग्राहक मोठ्या रकमा मोजतात.

त्या युद्धाचे आपल्या मुलुखाशी नाते कापसाचे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईचा भाव आकाशाला भिडला. १८६५ साली युद्ध संपले तसा शेअरांचा फुगाही फुटला. या तेजीमंदीत मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. तेच पूर्वी साताऱ्यास रेसिडेंट होते आणि १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. मध्यंतरी ते सिंधचे कमिशनर असताना १ जुलै १८५२ रोजी त्यांनी कराचीत 'सिंद डाक' ही अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. आशिया खंडातील ही पहिली तिकिटे. एक प्रकार लाल लाखेसारखा, हाताळताच तडकून भुगा होणारा. म्हणून तो आज सर्वांत दुर्मिळ. १८५४ साली सबंध हिंदुस्थानची तिकिटे निघाली, पाव तोळ्याच्या पत्राला अंतर कितीही असो अर्धा आणा असा दर ठरला, आणि सिंदची तिकिटे बंद झाली.

आता आपल्या घरची गोष्ट. कोल्हापूर संस्थानाने कोर्टफीची तिकिटे काढली, टपालाची काढली नाहीत. पण सह्याद्रीच्या कुशीतील चिमुकल्या भोरने ती काढली. १८७९ साली पंतसचिवांच्या भोरमध्ये अर्ध्या आण्याचे आणि एक आण्याचे तिकीट निघाले: देशी हातकागद, लालसर शाई, आणि एकेक तिकीट हाताने ठसा दाबून उमटवलेले. ना कडेला भोके, ना मागे डिंक. १९०१ साली शंकरराव पंतसचिवांच्या मुखवट्याचे आणखी एक निघाले. अमेरिकेतला तो टपालमास्तर आणि भोरचा हा ठसा मारणारा कारकून, यांची गाठ पडली असती तर दोघांना एकमेकांची अडचण भाषेवाचून समजली असती.

ग्वाल्हेरची रीत वेगळी. १८८५ साली ग्वाल्हेर दरबाराने हिंदुस्थान सरकारशी टपालाचा करार केला. त्यानुसार सरकारी तिकिटेच घ्यायची आणि त्यांवर ग्वाल्हेरचे नाव इंग्रजी व नागरी अशा दोन लिप्यांत छापायचे. भोरचे तिकीट भोरच्या हद्दीपुरते. ग्वाल्हेरचे मात्र संस्थानाबाहेर ब्रिटिश मुलुखातही चाले. म्हणूनच ते लावलेले पत्र थेट या डोंगरापर्यंत येऊ शके. हा छापा बहुतेक काळ सरकारी छापखान्यात होई, आणि अगदी शेवटी, १९४९ साली, ग्वाल्हेरच्या आलिजाह छापखान्यात झाला. १९५० साली संस्थानी टपाल भारताच्या टपालात विलीन झाले आणि १ जानेवारी १९५१ पासून ही तिकिटे बाद ठरली.

इथे आम्हाला जरा थांबावेसे वाटते. आमचे वडील खिळे जुळवणारे. दिव्याखाली वाकून शिशाचे बारीक खिळे उचलताना डोळे कसे शिणतात हे आम्ही घरात पाहिले आहे. ग्वाल्हेरच्या तिकिटांत नागरी नाव काही ठिकाणी आखूड, तेरा-चौदा मिलिमीटरांचे, तर काही ठिकाणी लांब, पंधरा-साडेपंधराचे. सरकारी कामाच्या काही तिकिटांत नागरी अक्षरांची अदलाबदल झाली आहे. संग्राहक भिंग घेऊन या चुका शोधतात आणि अशा तिकिटाला चांगल्या तिकिटापेक्षा कितीतरी अधिक किंमत देतात. ज्या चुकीबद्दल जुळाऱ्याला मालकाचे बोल खावे लागले असतील, कदाचित दंडही झाला असेल, ती चूक आज तिजोरीत! त्याची मजुरी मात्र कोणत्याही सूचिपत्रात दिलेली नसते. आम्ही एकदा एका संग्राहक स्नेह्याला हे म्हणालो, तर तो म्हणाला, 'अहो, पण तुमच्या जुळाऱ्याची आठवण आज कोण ठेवतो? आम्हीच ना?' आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते.

मात्र एक गोष्ट आम्ही त्याच्याचकडून शिकलो. सुटे तिकीट फसवते. साध्या सरकारी तिकिटावर मागाहून ग्वाल्हेरचे नाव छापणे अवघड नाही, आणि असे बनावट छापे पुष्कळ आहेत. पाकीट सबंध असेल तर समोर निघाल्या गावाचा शिक्का, मागे पोचल्या गावाचा शिक्का, दोन्हींवर तारखा, शिवाय पत्ता लिहिणाऱ्याचा हात, इतके साक्षीदार एकदम उभे राहतात. ११ जुलै १९४६ रोजी देशभरचे पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले टपाल-नोकर संपावर गेले. २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी कलकत्ता बंद पडली. त्या दिवसांत अडकलेल्या पत्राच्या दोन शिक्क्यांमध्ये जे अंतर पडले असेल तोच त्या संपाचा पुरावा. तिकीट पाण्यात घालून सोडवले की संपही त्याच पाण्यात विरघळला.

हे आम्ही अधिकाराने सांगतो, कारण हे पाप आम्ही केले आहे. दहा-बारा वर्षांचे असताना आजोळी माळ्यावरच्या पेटीत जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला. आम्ही सगळी पाकिटे पितळी परातीत भिजत घातली, तिकिटे सोडवून वर्तमानपत्रावर वाळवली, आणि लगदा झालेला कागद चुलीत घातला. पत्रे कोणाची होती हे विचारायचेही सुचले नाही. तिकिटे पुढे एका मित्राच्या गोट्यांच्या बदल्यात गेली.

म्हणून या वर्षी यात्रेनंतर डोंगरावरच्या एका पुजाऱ्याच्या घरातून निरोप आला तेव्हा आम्ही लगोलग गेलो. घरातल्या आजी पंचाऐंशीच्या पुढच्या. पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलायचे होते, आणि एका व्यापाऱ्याने त्यांच्या ट्रंकेतल्या पाकिटांवरची तिकिटे कापून द्या, रोख पैसे देतो, असे सांगितले होते. पाकिटे पाहिली तर पंचम जॉर्जचा मुखवटा, हिरवे अर्ध्या आण्याचे तिकीट, वर ग्वाल्हेरचे नाव. फार दुर्मिळ नव्हे, हे आम्ही त्यांना आधीच सांगितले. गळक्या छपराखाली बसलेल्या माणसाला खोटी आशा लावणे हे आम्हाला जमत नाही. विकू नका, असेही म्हणालो नाही. ज्याला आज पैशांची गरज आहे त्याला इतिहास जपायला सांगणारा बहुधा स्वतः पक्क्या घरात राहतो. एवढेच म्हणालो की, कात्री लावू देऊ नका. द्यायचे तर सबंध पाकीट द्या, त्याला सुट्या तिकिटाहून कमी मोल येणार नाही, आणि देण्याआधी आतल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवू. तिकिटांचा भाव त्यांनी पुन्हा विचारला नाही. म्हणाल्या, 'ते ऱ्हाऊ दे बाबा, आधी आत काय लिवलंय ते वाच.'

पत्र मोडीत होते. मोडी आम्ही चाळिशीनंतर शिकलो, त्यामुळे अडखळत वाचले. लष्करहून कोणी गृहस्थ लिहितात की, मुलीला दोन आठवडे ताप आहे, वैद्य थकले, यंदा यात्रेस येणे होत नाही. आमच्या नावे देवास दवणा वाहावा, गुलाल-खोबरे उधळावे, आणि अंगारा पाकिटातून सत्वर पाठवावा. दक्षिणेचे पैसे मनिऑर्डरीने वेगळे पाठवले आहेत.

आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'आमच्या आजेसासऱ्यांनी पाठीवला असंल का न्हाई अंगारा?'

गठ्ठ्यात अजून एकोणीस पत्रे वाचायची आहेत. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा डोंगरावर जाणार आहोत.