काचेआडच्या हातकड्या

झिरकपूरच्या चौकातून एक रस्ता चंडीगडला जातो, एक पंचकुला-कालका मार्गे शिमल्याला चढतो आणि एक अंबाल्याकडे उतरतो. गांधीहत्येच्या खटल्याचा शेवट या तीन दिशांना विखुरलेला आहे. अपील शिमल्यात चालले. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. आणि नथुरामच्या हातकड्या चंडीगडच्या उच्च न्यायालयातल्या छोट्या संग्रहालयात, कॉर्बुझिएच्या मूळ रेखाटनांच्या सोबतीने ठेवलेल्या आहेत.

त्या इथे का, हे समजायला न्यायालयाची भटकंती ठाऊक हवी. 1947 मध्ये लाहोरच्या उच्च न्यायालयाची फाळणी झाली आणि पूर्व पंजाबच्या वाट्याला आलेले न्यायालय शिमल्याच्या पीटरहॉफ या जुन्या व्हाइसरॉय-निवासात भरू लागले. चंडीगडच्या नव्या इमारतीत ते 1955 मध्ये आले. पीटरहॉफ 1981 च्या आगीत जळाले. आता त्या जागी हॉटेल आहे. म्हणजे ज्या दालनात अपील चालले ते दालनच उरलेले नाही. उरल्या त्या हातकड्या.

न्यायालयाने आपला इतिहास लोकांसमोर मांडावा, ही कल्पना आपल्याकडे आता रुजते आहे. मुंबई उच्च न्यायालयात 2015 मध्ये संग्रहालय उघडले. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचे राष्ट्रीय न्यायिक संग्रहालय सुरू झाले. चांगलेच आहे. पण असा उपक्रम हाती घेणाऱ्यापुढचा खरा प्रश्न जागेचा किंवा निधीचा नसतो. काय दाखवायचे, हा असतो. हातकड्या दाखवणे सोपे. लोखंड पाहून अंगावर काटा येतो, कोणी तरी फोटोची परवानगी विचारतो, आणि मंडळी हिरव्या-पिवळ्या-लाल खांबांकडे निघतात. त्या लोखंडातून एवढेच कळते की एक माणूस पकडला गेला. त्यासाठी पोलीस ठाणेही पुरे. न्यायालयात त्यानंतर काय घडले?

शिमल्यात न्या. भंडारी, न्या. अच्छरू राम आणि न्या. जी. डी. खोसला यांच्यापुढे 1949 च्या मे महिन्यात सुनावणी सुरू झाली. नथुरामने खुनाबद्दलच्या शिक्षेला आव्हान दिलेच नव्हते. कट नव्हता, एवढेच त्याचे म्हणणे होते, आणि ते त्याने वकील न घेता स्वतः मांडले. खोसलांनी पुढे लिहिले आहे की त्या दिवशीच्या प्रेक्षकांनाच ज्यूरी केले असते तर त्यांनी प्रचंड बहुमताने त्याला निर्दोष ठरवले असते. न्यायाधीशांनी मात्र शांतपणे ऐकून घेतले आणि शिक्षा कायम केली. ते भाषण मराठी माणसाला चांगलेच परिचित आहे. 1998 मध्ये त्या माणसाला घेऊन ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ रंगमंचावर आले, वाद झाले, बंदी आली.

पण 21 जून 1949 च्या त्याच निकालाने दोन माणसांना सोडूनही दिले, आणि त्यांच्यावर कोणी नाटक लिहिल्याचे ऐकिवात नाही. एक ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे, त्यांचा नंतर नाकारलेला कबुलीजबाब न्यायालयाला भरवशाचा वाटला नाही. दुसरा शंकर किस्तय्या. पुण्यात शस्त्रांचा धंदा करणाऱ्या दिगंबर बडगेचा हा नोकर. मालक माफीचा साक्षीदार होऊन सुटला आणि नोकराला लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली. ती कमी करावी अशी शिफारस मात्र सोबत केली. त्या खटल्यात हिंदुस्थानी आणि मराठीबरोबर तेलुगू दुभाषाही नेमावा लागला होता, तो याच्यासाठी. देश सुडाने पेटलेला, मेलेला माणूस राष्ट्रपिता, आणि तीन न्यायाधीश एका गड्याबद्दल विचारत होते: मालकाने सांगितले ते याने केले, पण कशासाठी चालले आहे हे याला माहीत होते का? माहीत होते असे सिद्ध झाले नाही, म्हणून तो सुटला. मला या संपूर्ण खटल्यात यापेक्षा मोठी गोष्ट दिसत नाही. आणि तिला दाखवायला वस्तू नाही. असलीच तर निकालपत्राची काही पाने.

पाने दाखवता येत नाहीत, असे कोणी म्हणेल. मुंबईत ते 1956 मध्येच करून दाखवले आहे. 1908 साली न्या. दावर यांनी ज्या दालनात टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, त्याच दालनाबाहेर मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी संगमरवरी फलक बसवला. त्यावर दावरांचे शब्द नाहीत; ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचे म्हणणे आहे. आपण प्रायश्चित्त घ्यायला आलो आहोत, असे छागला अनावरणाच्या वेळी म्हणाले. न्यायालयाने आपल्याच भिंतीवर आपल्या विरुद्धचा जबाब कोरला. 2021 पासून त्या इमारतीत वारसाफेऱ्या निघतात. गॉथिक कमानी पाहायला आलेला माणूस त्या फलकाशी थांबून वाचतो, कारण वाक्य लहान आहे आणि जागा नेमकी तीच आहे.

चंडीगडला फलकाचीही गरज नाही. हातकड्यांच्या शेजारी निकालातला किस्तय्याबद्दलचा उतारा लावावा, पंजाबी, हिंदी, मराठीत. आणि तेलुगूत तर नक्कीच, कारण ज्याच्याबद्दल तो आहे त्याची ती भाषा होती.